सम्राटाच्या केसांतला सोमल

शाळामास्तरला एक वाईट खोड असते. धडा कंटाळवाणा होऊ लागला, मुले जांभया देऊ लागली, की तो गोष्ट सांगू लागतो. आणि गोष्ट सांगणारा मास्तर जर फावल्या वेळात कादंबऱ्याही लिहीत असेल, तर मग इतिहासाचे काय होत असेल ते सांगायलाच नको! जगाच्या इतिहासात नेपोलियन आला, की मी दर वर्षी शेवटच्या तासाला त्याच्या मृत्यूची गोष्ट सांगत असे. खिडक्या लावून घ्यायच्या, आवाज खाली आणायचा आणि सुरुवात करायची. अथांग समुद्रातले एक उजाड बेट. त्यावर कैदेत पडलेला सम्राट. त्याच्याच पंगतीला बसणारा, त्याच्याच पदरचा एक सरदार. आणि दारूच्या पेल्यात अधूनमधून पडणारी चिमूटभर पांढरी पूड. मग एकशे चाळीस वर्षे लोटतात. स्वीडनमधला एक दंतवैद्य सम्राटाच्या डोक्यावरचा केस मिळवतो, शास्त्रज्ञ तो अणुभट्टीत घालतात, आणि केस बोलू लागतो – विष! घंटा झाली तरी पोरे जागची हलत नसत.

सुमारे वीस वर्षांपूर्वी अशीच गोष्ट संपवून मी हात झटकत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. गणितात बरा, इतिहासात यथातथाच. म्हणाला, “सर, केसांत सोमल जास्त होता म्हणता, तो कुणापेक्षा जास्त?”

“कुणापेक्षा म्हणजे? तुझ्यामाझ्यापेक्षा!”

“पण आपण आजचे. तेव्हाच्या माणसांपेक्षा जास्त होता का?”

मी त्याला खाली बसवले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि नसलेल्या उत्तराचा राग मास्तर नेहमी विचारणाऱ्यावरच काढतो. शिवाय त्या वेळी माझे एक गुपित होते. याच विषयावर मी एक कादंबरी लिहायला घेतली होती. पाच प्रकरणे झाली होती. प्रकाशकाने ‘बघू’ म्हटले होते. अशा वेळी मागच्या बाकावरून येणारी शंका कुणाला रुचेल?

त्या पोराच्या प्रश्नापाशी पुढे मला परत यावे लागले, ते कसे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

आता मूळ हकीकत. वॉटर्लूच्या पराभवानंतर इंग्रजांनी नेपोलियनला १८१५ च्या ऑक्टोबरात दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवले. त्याचा मुक्काम पडला लाँगवुड नावाच्या घरात. घर उंचवट्यावर, वाऱ्याच्या तोंडी, दमट. भिंतींना बुरशी आणि जमिनीखाली उंदीर. तिथे साडेपाच वर्षे काढून १८२१ च्या ५ मे रोजी संध्याकाळी, सहाला दहाबारा मिनिटे कमी असताना, तो वारला. वय अवघे एक्कावन्न. शेवटचे काही महिने पोटात सुरी फिरवल्यासारख्या कळा, ओकाऱ्या, अंगात शक्ती नाही. मृत्युपत्रात त्याने साफ लिहून ठेवले, की आपण अकाली मरत आहोत आणि इंग्रज सत्ताधाऱ्यांनी भाडोत्री मारेकऱ्याकरवी आपला खून चालवला आहे. आरोपी कोण, हे मयतानेच सांगून ठेवलेले!

पण त्याच नेपोलियनने डॉक्टरला आणखी एक गोष्ट बजावली होती: मी मेल्यावर माझे पोट फाडून बघा, विशेषतः जठर बघा, आणि काय दिसते ते माझ्या मुलाला कळवा. त्याचा बाप कार्लो १७८५ साली ऐन अडतिशीत पोटाच्याच दुखण्याने गेला होता, आणि तेच दुखणे आपल्या रक्तात आहे, पुढे पोराच्या वाट्याला येईल, अशी धास्ती त्याला होती. एका तोंडाने खुनाचा आरोप आणि दुसऱ्या तोंडाने वडिलोपार्जित रोगाची भीती! माणूस मरताना तर्कशास्त्र सांभाळून मरत नाही.

दुसऱ्या दिवशी लाँगवुडच्या बिलियर्डच्या दालनात शवविच्छेदन झाले. सुरी चालवली आंतोमार्की या कॉर्सिकन डॉक्टरने. सभोवार इंग्रज डॉक्टर उभे. जठराला आतून मोठा व्रण पडला होता. एके ठिकाणी तर करंगळी जाईल एवढे आरपार भोक होते. मात्र यकृत त्यावर चिकटून बसल्यामुळे ते बुजले होते. इथपर्यंत सर्वांचे एकमत. पण शॉर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरला यकृतही वाढलेले वाटले, आणि गव्हर्नर सर हडसन लो याला नेमके तेच वाक्य नको होते. यकृत बिघडले म्हटले की बेटाची हवा वाईट ठरते. हवा वाईट म्हणजे कैद्याला तिथे डांबणारे सरकार दोषी. वाक्य अहवालातून गळाले. आंतोमार्कीने इंग्रजांच्या कागदावर सही केली नाही, आपला निराळा अहवाल लिहिला. प्रेत अजून थंडगार पडले नाही तोच त्याच्या पोटात राजकारण शिरले, ते पुढे दोनशे वर्षे बाहेर निघाले नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिचे महत्त्व कुणालाच कळले नाही. सम्राटाचा खास नोकर मार्शां याने धन्याचे केस उतरवून घेतले. नातलगांना नि इष्टमित्रांना आठवण म्हणून द्यायला. त्या काळी फोटो नव्हते. प्रिय माणसाचे केस पुडीत, लॉकेटात जपून ठेवण्याची युरोपात चालच होती. आपल्याकडे मेलेल्या माणसाचे केस घरात ठेवणे अशुभ. त्यांच्या नि आपल्या या एवढ्याशा फरकाचा इतिहासावर फार मोठा परिणाम झाला आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी सोमलाबद्दल थोडेसे. सोमल म्हणजे आर्सेनिकची पांढरी भस्मासारखी पूड. वास नाही, चव जवळजवळ नाहीच. कढीत घाला, कॉफीत घाला, खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. लक्षणे म्हणाल तर ओकारी, जुलाब, पोटात आग – म्हणजे अगदी पटकीसारखी. उंदरांसाठी म्हणून कुठल्याही दुकानात मिळे. फ्रान्समध्ये या पुडीला लोक थट्टेने ‘वारशाची पूड’ म्हणत. म्हातारा लवकर जावा असे वाटणाऱ्या वारसांची मोठी सोय! आणि हे विष पोटात गेले हे पकडायची खात्रीची रीत तेव्हा नव्हती.

ती सापडली एका फसलेल्या खटल्यातून. १८३३ साली इंग्लंडात जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबाला कॉफीतून सोमल घातल्याचा आरोप आला. वूलिचच्या सरकारी शस्त्रागारातला रसायनज्ञ जेम्स मार्श याने परीक्षा करून सोमलाचा पिवळा साका पाडून दाखवला. पण तो साका ज्यूरीपुढे जाईपर्यंत बिघडून गेला, आणि आरोपी सुटला. पुढे त्याने खून कबूल केला म्हणतात. मार्शच्या ते फार मनाला लागले. बराच काळ खपून १८३६ मध्ये त्याने नवी परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि आम्ल यांच्याबरोबर घालायचा. सोमल असला तर त्याचा वायू होऊन बाहेर पडतो. तो वायू पेटवून ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली, की बशीवर काळा चकचकीत डाग धरतो. तो डाग ज्यूरीच्या हातात देता येतो. आजवर जे फक्त डॉक्टरच्या शब्दावर होते, ते डोळ्यांनी दिसू लागले.

या परीक्षेचा सर्वांत गाजलेला प्रयोग १८४० सालचा. मारी लाफार्ज ही चोविशीतली सुशिक्षित पॅरिसकर बाई. लग्न झाले एका खेडवळ लोखंड-कारखानदाराशी, तोही कर्जात बुडालेला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा ओकून ओकून मेला. बाईने उंदरांसाठी सोमल आणवला होता हे उघड झाले. त्यूल गावी खटला उभा राहिला. स्थानिक रसायनज्ञांनी एकदा परीक्षा केली, दुसऱ्यांदा केली. प्रेतात विष नाही म्हणाले. बाईच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. मग पॅरिसहून विषविद्येतले आचार्य ऑर्फिला यांना पाचारण झाले. त्यांनी पुरलेल्या प्रेताचे अवशेष घेऊन रात्रभर प्रयोग केले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, की विष आहे. बाईला जन्मठेप झाली. बचावाकडून रास्पाय नावाचे शास्त्रज्ञ निघाले होते, पण ते पोहोचेपर्यंत निकाल लागून गेला. मी म्हणाल तर न्यायाधीशाच्या खुर्चीतूनही सोमल काढून दाखवीन, अशी त्यांची फुशारकी प्रसिद्ध आहे. फुशारकी खरी, पण तिच्यात एक मेख होती. सोमल जगात सगळीकडेच थोडा थोडा आहे: मातीत आहे, पाण्यात आहे, रंगांत आहे. परीक्षा जितकी बारीक, तितका तो जास्त ठिकाणी सापडणार. मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न तो हाच. सापडला हे खरे. पण इतरत्र किती सापडतो?

मराठी माणसाला हे शास्त्र चांगलेच ओळखीचे झाले ते बडोद्याच्या खटल्यात. १८७४ च्या ९ नोव्हेंबरला बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आला, पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचे फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो रेसिडेन्सीच्या डॉक्टर सिवर्डनी तपासला, मग मुंबईच्या सरकारी रसायन-परीक्षकाकडे, डॉक्टर ग्रे यांच्याकडे, आला. त्यांना गाळात सोमल आढळला आणि हिऱ्याची पूडही. ‘हिरकणी खाऊन जीव दिला’ हे आपण कथा-कीर्तनांत ऐकत आलो. ती हिरकणी प्रयोगशाळेच्या कागदावर उतरली! मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला. १८७५ मध्ये चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. त्यांत सर रिचर्ड कौच अध्यक्ष, शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडेही होते. महाराजांच्या बाजूने विलायतेहून बॅरिस्टर बॅलंटाइन आला. शेवटी तीन इंग्रजांचे मत एक आणि तीन हिंदी सभासदांचे दुसरे. पेल्यात विष होते, इथवर रसायनज्ञ सांगू शकला. कुणाच्या हाताने पडले, कुणाच्या सांगण्यावरून पडले, हे बशीवरच्या डागात कुठे लिहिलेले असणार? मल्हाररावांना सरकारने पदच्युत केलेच. मात्र त्यासाठी राज्यकारभारातला गोंधळ हे कारण पुढे केले.

असो. लाफार्जबाईचा निकाल लागला त्याच १८४० साली, पुढच्याच महिन्यात, सेंट हेलेनावर नेपोलियनचे थडगे उघडले गेले. फ्रान्सला आपला सम्राट परत न्यायचा होता. १५ ऑक्टोबरला एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या क्रमाने उघडल्या. एकोणीस वर्षांनंतर चेहरा ओळखू येत होता. जुने सोबती ढसढसा रडले. त्यांत मार्शांही होता. दोनच मिनिटांत पेटी पुन्हा बंद झाली. फ्रान्स त्या वर्षी मार्शच्या परीक्षेने वेडा झाला होता, तरी या प्रेतावर ती करावी असे कुणाला सुचले नाही. सम्राटाच्या देहाला बशी-चिमटा कोण लावणार? (आणि आमच्या गोष्टीतला तो संशयित सरदार तेव्हा कुठे होता? फ्रान्समध्ये तुरुंगात! नेपोलियनच्या पुतण्याला गादीवर बसवण्याच्या फसलेल्या उठावात सामील झाल्याबद्दल. बोनापार्ट घराण्याच्या जिवावर उठलेल्या माणसाने त्याच घराण्यासाठी सहा वर्षे कोठडी सोसावी, याचा मेळ माझ्या कादंबरीत मला कधीच बसवता आला नाही. म्हणून मी तो भाग गाळला होता. कादंबरीकार हे असे करतात.)

मार्शांच्या आठवणी छापून निघायला १९५२ ते १९५५ साल उजाडले. स्वीडनमधल्या गोटेनबर्गचा दंतवैद्य स्टेन फॉर्शूफवुड हा नेपोलियनचा मोठा भक्त. त्याने त्या वाचल्या. झोप, निद्रानाश, पाय सुजणे, अंगावरचे केस गळणे, अधूनमधून बरे वाटून पुन्हा बिघडणे – नोकराने साध्या मनाने टिपलेली ही लक्षणे वाचून त्याच्या मनात शब्द उमटला: सोमल. पण पुरावा? सोमल केसात उतरतो हे त्याला ठाऊक होते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातले जे काही असेल ते आपल्यात साठवतो. म्हणजे केस ही माणसाच्या शरीराची जमाखर्चाची वहीच. मुळाशी कालची नोंद, टोकाशी वर्षापूर्वीची. अडचण एकच: जुन्या परीक्षेला केसांची जुडीच्या जुडी लागे, आणि ती जाळून नष्ट होई. सम्राटाचे एवढे केस कोण देणार?

तेवढ्यात ग्लासगोच्या विद्यापीठातल्या हॅमिल्टन स्मिथने एका केसावर भागेल अशी रीत काढली. केस अणुभट्टीत ठेवायचा. तिथे न्यूट्रॉनांचा मारा झाला की त्यातल्या आर्सेनिकचे अणू किरणोत्सर्गी होतात. बाहेर काढल्यावर ते किरण सोडू लागतात आणि सुमारे सव्वीस तासांत त्यांचा जोर निम्मा होतो. ही सव्वीस तासांची चाल म्हणजे आर्सेनिकची जणू सही. किरण मोजले की सोमल किती ते कळते. फॉर्शूफवुडने एका संग्राहकाकडून केस मिळवला, तो भट्टीत गेला, आणि उत्तर आले: दहा लाख भागांत १०.३८ भाग. साधारण माणसाच्या केसात एक भागसुद्धा नसतो. १९६१ च्या ऑक्टोबरात ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात हे छापून आले, आणि जगभर एकच गिल्ला झाला. पुढे दुसरे केस तुकड्यातुकड्यांनी तपासले, तेव्हा सोमलाचे प्रमाण कधी वर, कधी खाली गेलेले दिसले. म्हणजे थोडे थोडे, पुन्हा पुन्हा दिलेले विष!

विष मिळाले, आता हात हवा. फॉर्शूफवुड आणि पुढे कॅनडातला बेन वायडर यांनी बोट दाखवले ते काउंट मोंतोलोंकडे. सम्राटाच्या तळघरातल्या दारूची व्यवस्था त्याच्याकडे. नेपोलियनसाठी केप वसाहतीतून खास कॉन्स्टँशिया दारू येई. त्याची बायको सम्राटाच्या फार जवळची असल्याची कुजबूज होती, आणि ती १८१९ साली बेट सोडून गेली. मृत्युपत्रात सर्वांत मोठी रक्कम, वीस लाख फ्रँक, याच्याच नावे. संधी, मत्सर, लोभ! कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे? मला तर वाटले, की हा माणूस माझ्यासाठीच जन्माला आला. त्याच्या मिशा, त्याचे गोड बोलणे, पेल्याकडे जाणारा हात – सगळे मी रंगवून टाकले. तो निर्दोष असू शकेल ही कल्पनाही मला शिवली नाही.

पहिली शंका आली ती भिंतीकडून! १९८० च्या सुमारास डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने रेडिओवरच्या भाषणात सहज विचारले, की लाँगवुडच्या भिंतींवरच्या कागदाचा रंग कुणाला ठाऊक आहे काय? आणि काय आश्चर्य, एका श्रोत्या बाईंच्या घरी जुन्या चिकटवहीत त्या कागदाचा तुकडाच निघाला. कुणा प्रवाशाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फाडून आणलेला. त्यावर हिरव्या रंगाची नक्षी होती. हा हिरवा रंग शेले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाने अठराव्या शतकात तांबे आणि सोमल यांपासून काढलेला. दमट भिंतीवर बुरशी धरली, की ती या रंगातून सोमलाचा वायू सोडते, हे गोसिओ नावाच्या इटालियनाने १८९३ साली दाखवून दिले होते. जोन्सने तपासले, तुकड्यात सोमल होता. माणूस मरावा एवढा नव्हे. पण खुनी नसतानाही केसात सोमल येऊ शकतो, एवढे सिद्ध व्हायला पुरेसा.

त्यानंतर २००२ साली पॅरिसच्या पोलीस प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी नेपोलियनचे १८०५ आणि १८१४ सालचे केस १८२१ च्या केसांशी ताडून पाहिले. सोमल सगळ्यांतच होता. १८०५ साल म्हणजे ऑस्टरलिट्झच्या विजयाचे साल! तेव्हा कोण विष घालत होता?

आणि २००८ मध्ये त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आले. इटलीतल्या मिलान आणि पाव्हिया इथल्या शास्त्रज्ञांनी पाव्हियाच्या छोट्या अणुभट्टीत केसांची एक पंगतच बसवली. कॉर्सिकातल्या लहानग्या नेपोलियनचे केस, एल्बा बेटावरचे केस, मृत्यूच्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे केस. त्याच्या मुलाचे १८१२ ते १८२६ पर्यंतचे केस. १८१४ साली वारलेल्या जोसेफिनचे केस. आणि पंगतीच्या शेवटी आजच्या दहा जिवंत माणसांचे. आजच्या माणसांशी ताडता त्या सगळ्यांच्या केसांत सोमल सुमारे शंभरपट! बापाच्या, पोराच्या, टाकलेल्या बायकोच्या. लहानपणच्या आणि मरतेवेळच्या केसांत म्हणावा असा फरक नाही. १८१६ साली व्हिएन्नात आजोळी वाढणाऱ्या पोराला मोंतोलों काही सेंट हेलेनावरून विष घालत नव्हता. तो काळच सोमलाचा होता. औषधांत सोमल, रंगांत सोमल. श्वासाबरोबर, घोटाबरोबर तो प्रत्येकाच्या अंगात जात होता, आणि आपण आजच्या स्वच्छ केसांशी ताडून त्याला खून म्हणत होतो.

आपले जुने लेखक पोथीत अक्षर चुकले, की त्यावर पिवळा हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथला. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक नि गंधक यांचेच संयुग, सोमलाचा सख्खा भाऊबंद. माझ्या पाच प्रकरणांवर हरताळ फासला गेला, तोही सोमलानेच.

मग सम्राट मेला कशाने? त्याचेही उत्तर नव्या विद्येने जुन्याच कागदांतून काढले. २००७ साली काही विकृतिशास्त्रज्ञांनी १८२१ चे शवविच्छेदनाचे अहवाल पुढे घेतले आणि त्यांतले व्रणाचे वर्णन आजच्या रुग्णांच्या जठरांशी ताडले. तेवढ्या आकाराचा, तसल्या कडांचा व्रण हा साधा नव्हे. तो पुढे गेलेला जठराचा कर्करोग, असा त्यांनी निर्वाळा दिला. विषवादी म्हणत, की कर्करोगाचा माणूस झिजतो, नेपोलियन तर लठ्ठच मेला. त्यावर स्विस मंडळींनी आधीच, २००५ साली, एक घरगुती उपाय केला होता: सम्राटाच्या जपून ठेवलेल्या विजारी काढल्या आणि कमरेचे माप घेतले! अखेरच्या विजारीवरून हिशेब निघाला, की शेवटच्या वर्षात त्याचे वजन दहा किलोंहून अधिक उतरले होते. अणुभट्टी एकीकडे आणि शिंप्याची फीत एकीकडे. माझे मत विचाराल तर मला फीतच अधिक आवडली. शेवटच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी दहा ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे जबर रेचक, पाजले होते. त्याने मरण थोडे अलीकडे आणले असेल. पण तो खून नव्हे. ती त्या काळची वैद्यकी.

विषवादी मंडळी अजून गप्प नाहीत. सोमल केसाच्या बाहेर नाही, गाभ्यात आहे, असे ती म्हणतात. केसांच्या पुड्या खऱ्या की खोट्या हा वादही आहेच. चालू दे. पण एकदा इतर माणसांचे केस शेजारी ठेवल्यावर मोंतोलोंविरुद्धचा दावा फार अशक्त झाला आहे. बिचारा १८५३ मध्ये मेला. आणि मेल्यावर शंभर वर्षांनी खुनी ठरला.

मघाशी म्हटले, की आपल्याकडे केस ठेवण्याची चाल नाही. देह अग्नीला दिला की संशय तपासायला काही उरत नाही. पण संशय मात्र उरतो. शिवाजी महाराज १६८० साली रायगडावर निवर्तले. सभासदाने बखरीत ज्वराची व्यथा झाल्याचे लिहिले आहे. तरी सोयराबाईंच्या नावाने विषाचा प्रवाद उठलाच, आणि पुरावा म्हणावा असे काही नसताना तो अजून कुठे कुठे ऐकू येतो. त्या माउलीला निर्दोष ठरवायला कुठली अणुभट्टी येणार?

आमच्या घरची एक गोष्ट आहे. माझ्या वडिलांची एक काकू होती. मी सातआठ वर्षांचा असताना ती सत्तरीच्या पुढे होती. वाढायला बसली, की पहिला घास सगळ्यांसमक्ष स्वतःच्या तोंडात टाकायची, मग आम्हाला वाढायची. नैवेद्याआधी चाखायचेही नाही अशा सोवळ्या घरात हे कसे चालते, असे मला वाटे. पण मोठी माणसे काही बोलत नसत. ती वारल्यावर आईने सांगितले. काकूचा नवरा पंचविशीत, एका मुंजीच्या जेवणावरून आल्यावर रात्रभर ओकून पहाटे गेला. बळदात उंदरांसाठी आणलेली सोमलाची पुडी होती, आणि ती फुटलेली आहे असे कुणीतरी म्हणाले. डॉक्टर नाही, पंचनामा नाही; दुपारच्या आत सगळे आटोपले. तेव्हापासून पन्नास वर्षे काकू पहिला घास स्वतः खात राहिली. त्या साली गावात पटकी होती, हेही आईनेच सांगितले; जाता जाता, सहज.

हे ऐकले तेव्हा मी मोंतोलोंचे पाचवे प्रकरण लिहीत होतो, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडायला २००८ सालचे वर्तमानपत्र हाती यावे लागले. त्यानंतर मी वर्गात ती गोष्ट सांगायची थांबवली नाही. फक्त आता दोन तास लागतात, आणि दुसऱ्या तासाला खिडक्या उघड्या असतात.

मागच्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी वायर घ्यायला बाजारात गेलो. विजेच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर तोच मुलगा. आता डोक्यावर केस विरळ झालेले. मी त्याला सगळे सांगितले – पाव्हिया, पोराचे केस, जोसेफिनचे केस. त्याने लक्ष देऊन ऐकले. मग हसून म्हणाला, “सर, असे काही मी विचारल्याचे मला तर आठवत नाही. तुमची ती गोष्ट मात्र आठवते. पेल्यात पूड टाकतो तो सरदार, त्याचे नाव काय हो?”

मी नाव सांगितले. पाच मीटर वायर त्याने मोजून दिली, पैसे घेईना. मी आग्रहाने दिले.